सात नंबरची पाटी

पिट्सबर्ग, २ जून २००३

प्रिय सिग्ने,

तुझं पत्र वाचून प्रयोगशाळेत एकटाच हसत बसलो. "तुमच्या त्या पाट्या दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा जिवंत राहत नाहीत, आणि मेल्या की पेशंट सोडून त्यांच्याच उशाशी बसावं लागतं." एवढा तुकडा मी कापून फळ्यावर लावलाय. आमच्या प्रोफेसरांनी तो वाचला आणि विचारलं, ही बाई कोण? म्हटलं, माझी मावसबहीण. आई गेल्यापासून हिनेच मला वाढवलं, त्यामुळे हिच्या तोंडाची मला सवय आहे.

आता चिडू नकोस, पण तुमच्या हातातली ती संगणकी पाटी बिनडोक आहे. मी तिचा अपमान करत नाही, तिची घडणच तशी आहे. डोकं सगळं इस्पितळाच्या तळघरातल्या मोठ्या संगणकात. तू लेखणी टेकवलीस की ते तळघराला कळतं, तळघर चित्र तयार करून वर पाठवतं आणि पाटी ते दाखवते. म्हणून ती हलकी आहे, आणि चोरीला गेली तरी पेशंटची माहिती जात नाही. सगळ्यांना वाटलं, हिला विचार करायचा नाही म्हणजे बॅटरीही कमी लागेल. तिथेच घोळ झाला. तळघराशी तिचा सगळा संबंध बिनतारी. तिच्यातला रेडिओ बोलताना जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढीच नुसता कान लावून बसला तरी खातो. न जाणो, खालून काही आलं तर! दिवसभर कोणी त्याच्याशी बोलत नाही, आणि हा बापडा ऐकत बसून मरतो.

माझा अख्खा प्रबंध एवढ्याच प्रश्नावर आहे: त्याला झोपू कधी द्यायचं? चुकीच्या वेळी झोपला तर नर्स लेखणी टेकवून वाट बघत राहणार आणि मला शिव्या घालणार. म्हणून मला खऱ्या माणसांच्या मधल्या शांतता हव्या आहेत. एकदा लेखणी टेकवल्यावर पुन्हा टेकवेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच. काय लिहिलं ते नको, पेशंटचं नाव नको, नर्सचं तर नकोच नको. पाटीचा नंबर आणि वेळ, बस. तसंही तुम्ही भिंतीवरच्या मांडणीतून हाताला येईल ती पाटी उचलता. कोणाची कोणती, हे मलासुद्धा कळणार नाही.

इस्पितळाची परवानगी प्रोफेसर काढतायत. पण तुमची युनियन हो म्हटल्याशिवाय पान हलत नाही म्हणे. तिथे तू लागशील. माझ्या पदवीची दोरी आता तुझ्या हातात आहे, हुकूमशहा बाई.

तुझा,
लोवेल

&nbsp;

डुलुथ, १९ जून २००३

प्रिय लोवेल,

ईमेल सोडून कागदावर लिहितोस याचं अजून कौतुक वाटतं. पण अक्षर सुधार. "शांतता" मी दोनदा "संडास" वाचलं आणि म्हटलं, पोरगं नक्की कशावर संशोधन करतंय?

काल चहाच्या खोलीत तुझा विषय काढला. माझ्यासकट दहा जणी लगेच तयार. त्यांचं म्हणणं एवढंच, की काहीही मोजा पण त्या पाटीला संध्याकाळपर्यंत जगवा. एकटी बर्निस अडून बसली. बर्निस पेल्की तुला आठवत असेल. तुझे टॉन्सिल काढले तेव्हा जिने रात्रभर तुला आइस्क्रीम भरवलं होतं ती. म्हणाली, "माझ्या पाठीवर बसून कोणी वेळ मोजायला नकोय मला. माझ्या नवऱ्याने, क्लाइडने, तीस वर्षं खाणीत काढली. तिथेही एक जण घड्याळ घेऊन उभा असायचा. पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे."

मी म्हटलं, अगं, नावं नाहीत, फक्त यंत्राचे नंबर.

"हे कोण म्हणतं?"

"लोवेल म्हणतो."

"आणि त्याच्या वतीने कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

तिने कॉफी संपवली, कप धुतला, मग म्हणाली, "ठीक आहे पोरी. तुझ्या शब्दावर." आणि सही केली. युनियनचा कागद अकरा सह्यांसह तुझ्या प्रोफेसरांकडे रवाना केलाय.

बर्निसला नोकरी किती गरजेची आहे हे तुला माहीत नसेल. क्लाइडची फुप्फुसं गेली. आता तो ऑक्सिजनवरच असतो, आणि त्याचा सगळा विमा तिच्या नोकरीतून येतो. तेव्हा जपून. पुढच्या महिन्यात ये. तळ्याचं पाणी अजून बर्फासारखं आहे, तरी तू उडी मारशीलच.

तुझी,
सिग्ने

&nbsp;

पिट्सबर्ग, ८ सप्टेंबर २००३

प्रिय सिग्ने,

तुझ्या हॉटडिशची चव अजून जिभेवर आहे आणि इथे मी डब्यातलं सूप पितोय.

पण बातमी ऐक. तळघरात मी बसवून आलो ती मोजणी नुसती सोनं निघाली! माणसाची शांतता अगदी कशीही नसते. पेशंटचं पान उघडलं की नर्स ठरावीक वेळ ते वाचते, तेवढ्यात रेडिओला डुलकी काढता येते. आणि एकदा शांतता थोडी लांबली की ती खूपच लांबते, हे त्याला शिकवलं की तो बिनधास्त गाढ झोपतो. नव्या पद्धतीने तुमच्या पाट्या आता पूर्ण पाळी टिकायला हव्यात. टिकतायत का, सांग.

आणि तुमच्या वॉर्डात एक देवमाणूस आहे. सात नंबरची पाटी. काय त्या शांतता! एकेक अशी की रेडिओने कूस बदलावी आणि पुन्हा झोपावं. पाळी संपताना तिची निम्मी बॅटरी शिल्लक असते. माझ्या प्रबंधातलं सर्वात देखणं चित्र तिचंच आहे. प्रोफेसर म्हणाले, जगातल्या सगळ्यांनी पाटी अशी वापरली तर आपला धंदाच बसेल. कोण आहे ते मला कळणार नाही, पण त्या अनोळखी व्यक्तीला माझा सलाम.

तुझा,
लोवेल

&nbsp;

डुलुथ, २५ सप्टेंबर २००३

प्रिय लोवेल,

टिकतायत! काल पाळी संपली तरी माझी पाटी डोळे उघडून होती. पोरींनी तुझ्या नावाने टाळ्या वाजवल्या, मी मान ताठ करून फिरले.

तुझं पत्र चहाच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. सात नंबरचा सलाम आला आणि सगळ्या बर्निसकडे बघून हसायला लागल्या. अरे वेड्या, हाताला येईल ती पाटी असं तुला वाटलं तरी कसं? नर्स आपला स्टेथोस्कोप दुसरीच्या हाताला लागू देत नाही, आणि पाटी देईल? पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी आपापल्या पाटीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. माझी तीन नंबर, हिरवी. बर्निसची सात, जांभळी. तुझा देवमाणूस तीच.

तिच्या शांततांचं गुपितही सांगते. ती पेशंटच्या खोलीत गेली की पाटी खिडकीत पालथी ठेवते आणि खुर्ची ओढून बसते. म्हाताऱ्या मिस्टर साव्होलाइनेनना झोप लागेपर्यंत बसते. ज्यांना कोणी नाही त्यांच्याजवळ शेवटपर्यंत बसते. मग बाहेर येऊन सगळं एकदम लिहून काढते आणि एक औषध चुकत नाही. आमच्यातल्या अर्ध्या जणी हे तिच्याकडूनच शिकल्या, फक्त तिच्याइतकं जमत नाही.

सलाम ऐकून ती लाजली. या वयात! म्हणाली, "बघा, काहीही न करण्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी पाठ थोपटली."

तुझी,
सिग्ने

&nbsp;

पिट्सबर्ग, ३ नोव्हेंबर २००३

प्रिय सिग्ने,

घाईत लिहितोय. ऑक्टोबरात तुमच्या इस्पितळाच्या मोठ्या लोकांपुढे निकाल मांडला. येऊन लगेच परतावं लागलं, तुला भेटता आलं नाही, रागावू नकोस.

एक काम आहे. हा महिनाभर तुझी हिरवी पाटी गप्प बसू देऊ नकोस. हातात असेल तेव्हा लेखणी टेकवत राहा, कोपऱ्यात रिकामी जागा आहे तिथे टेकवलीस तरी चालेल. पाटी बिनडोक असल्यामुळे रिकामी टकटकसुद्धा तळघरात जाते आणि नोंदली जाते. मला उलटं टोक तपासायचंय, शांतता जवळजवळ नसेलच तर काय होतं ते.

बाकी कोणाला सांगू नकोस. सगळ्याच तसं करायला लागल्या तर मोजणी बिघडेल. एवढं माझ्यासाठी नक्की कर.

थँक्सगिव्हिंगला येणं जमेलसं दिसत नाही.

तुझा,
लोवेल

&nbsp;

डुलुथ, ३० नोव्हेंबर २००३

प्रिय लोवेल,

तुझी खुर्ची रिकामी होती. टर्की मी एकटीने खाऊन संपणार नव्हता, म्हणून बर्निस आणि क्लाइडला बोलावलं. क्लाइड नळी नाकात घालूनच आला आणि टर्कीची तंगडी चाटूनपुसून खाल्ली.

तुझं काम चोख करतेय. सुतारपक्षी झालेय मी. साव्होलाइनेन आजोबांचा हात एका हातात आणि दुसऱ्या हाताने टक, टक. ते म्हणाले, "सिस्टर, आत कोणी आहे का?" पाटी मात्र दुपारीच मरते. पुन्हा जूनचेच दिवस आले. तुझ्या विज्ञानासाठी हेही सोसते, पण डिसेंबर उजाडला की बंद.

बर्निसने विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, सवय लागलीय. तुला दिलेला शब्द होता, म्हणून थाप मारली. आवडलं नाही मला ते. नाताळला तरी ये, लेफ्सेच्या पोळ्या लाटायला दोन हात कमी पडतात.

तुझी,
सिग्ने

&nbsp;

डुलुथ, १४ जानेवारी २००४

लोवेल,

हे पत्र मिळाल्याबरोबर फोन कर. मी तीनदा केला, तू उचलला नाहीस.

बर्निसला काढलं. काल पाळी सुरू व्हायच्या आधी कामकाज बघणाऱ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं आणि एक आलेख दाखवला. सात नंबरची पाटी, नोव्हेंबर महिना. म्हणाल्या, कामाच्या वेळातला एवढा मोठा भाग तुम्ही निष्क्रिय होतात. निष्क्रिय! बर्निसला पहिल्यांदा कळेचना की त्या कोणाबद्दल बोलतायत. मग त्यांनी जांभळ्या पट्टीचं नाव काढलं. संध्याकाळपर्यंत तिचं कपाट रिकामं झालं होतं. महिनाअखेर तिचा विमा बंद, म्हणजे क्लाइडचाही.

तुझी मोजणी कोणीतरी पळवलीय. तळघरातून उचलली असणार, तुम्हाला न विचारता. तू आणि तुझ्या प्रोफेसरांनी ताबडतोब इस्पितळाला लिहायला हवं, की हे आकडे रेडिओचे आहेत, माणसांचे नाहीत. ज्या शांततांबद्दल तू तिला सलाम केलास त्याच दाखवून तिला हाकललं, हे तू त्यांना समोर येऊन सांग. तुझं ऐकतील. युनियनने तक्रार लावलीय, मार्चच्या सुरुवातीला सुनावणी आहे.

मी बर्निसला सांगितलंय, लोवेल येईल आणि हे सगळं निस्तरेल.

सिग्ने

&nbsp;

पिट्सबर्ग, २६ जानेवारी २००४

प्रिय सिग्ने,

वाचून फार वाईट वाटलं. खरंच. बर्निसला माझा निरोप सांग.

पण पळवण्याचा प्रश्न नाही. मोजणी त्यांच्याच संगणकावर होती आणि एक प्रत इस्पितळाला द्यायची, असं करारात होतं. त्यांनी तिचा काय अर्थ लावावा यावर आमचं नियंत्रण नाही. आमच्या प्रबंधात आम्ही स्वच्छ लिहिलंय की शांतता म्हणजे फक्त रेडिओची शांतता. ते त्यांनी वाचलं नसेल तर त्याला मी काय करणार? मला तर तुझ्या पत्रातूनच हे पहिल्यांदा कळलं.

सुनावणीचं बघतो, पण कठीण वाटतं. मे महिन्यात तोंडी परीक्षा आहे, आणि पुढच्या वर्षीचा खर्च पाट्या बनवणारी कंपनी आणि इस्पितळ मिळून देणार आहेत. प्रोफेसरांचं मत आहे की आपण यात पडू नये. युनियनचे वकील चांगले असतात. तू तब्येत सांभाळ, फार मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
लोवेल

&nbsp;

डुलुथ, ४ फेब्रुवारी २००४

लोवेल,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी युनियनच्या माणसाने नोव्हेंबरचा सगळा तक्ता आम्हाला दाखवला. अकरा पाट्या ओळीने. सगळ्यात तळाशी सात. सगळ्यात वर, दुसरीच्या दुप्पट, तीन. "सर्वाधिक क्रियाशील". तीन म्हणजे मी. शेरा होता की या कर्मचाऱ्याला बढतीसाठी विचारात घ्यावं.

बर्निस माझ्या शेजारीच बसली होती. तिने तक्ता बघितला, मग माझ्याकडे बघितलं. आवाज न चढवता विचारलं, "पोरी, तू महिनाभर टकटक का करत होतीस?"

मी म्हटलं, लोवेलने प्रयोगासाठी सांगितलं होतं.

"तुला एकटीला?"

"हो."

"आणि कोणाला सांगू नकोस म्हणाला?"

हो म्हणतानाच मला सगळं उमगलं. तिने पर्स उचलली. मी जिन्यापर्यंत मागे धावले, शपथा घेतल्या की मला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "असेल. पण मी तुझ्या शब्दावर सही केली होती. त्याच्या नाही." आणि गेली.

तुला माझ्या पत्रातून पहिल्यांदा कळलं म्हणतोस. मग ३ नोव्हेंबरचं पत्र काय होतं? उलटं टोक तपासायचं होतं? खोटारड्या! तुला तेव्हाच ठाऊक होतं की या महिन्यात माणसं मोजली जाणार. अकरा जणींनी तुझ्यासाठी सही केली, आणि तू एकीला छत्री दिलीस, तीसुद्धा कशासाठी ते न सांगता. दहा जणींना पावसात सोडलंस. मला त्यांच्यादेखत तोंडघशी पाडलंस. बर्निसचा तर केसाने गळा कापलास.

माझ्या घरात तू लहानपणी अनेकदा खोटं बोललास. बिस्किटांबद्दल, गृहपाठाबद्दल, त्या फुटलेल्या खिडकीबद्दल. प्रत्येक वेळी मला कळायचं आणि मी हसून सोडून द्यायचे. आता हसू येत नाही.

सुनावणी ९ मार्चला आहे. ये. त्या टेबलाशी बस आणि खरं सांग. मी दुसरं काही मागत नाही.

सिग्ने

&nbsp;

पिट्सबर्ग, २० फेब्रुवारी २००४

सिग्ने,

चार वेळा लिहून फाडलं. आता जसं झालं तसं सांगतो.

ऑक्टोबरात मी आलेख दाखवत होतो. सात नंबरचा आला तेव्हा त्या कामकाज बघणाऱ्या बाईंनी विचारलं, ही नर्स एवढा वेळ करते काय? मला वाटलं त्यांना उत्सुकता आहे. मी कौतुकाने सांगितलं. तुझ्या पत्रातलं सगळं सांगितलं, जांभळी पट्टी, खिडकीत पालथी पाटी, खुर्ची, सगळं. खोलीतले लोक हसले. मीही हसलो. मग बघितलं तर बाई लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, म्हणजे बाकीच्यांच्याही पाट्या ठरलेल्या असतात तर? मी हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं, सिग्ने. माझ्या जिभेला हाड नाही, तू नेहमी म्हणायचीस.

जेवताना त्या प्रोफेसरांना म्हणाल्या की नोव्हेंबरचा महिना त्या नीट बघणार आहेत, कारण या वर्षी माणसं कमी करायची आहेत. प्रोफेसर म्हणाले, तो तुमचा प्रश्न. मी सूप पीत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. सगळा पुढचा पैसा त्या टेबलावर होता आणि मी तिथला सगळ्यात लहान माणूस होतो. परत आल्यावर दोन आठवडे झोप नव्हती. अकरा जणींना लिहिलं असतं तर ते फुटलं असतं आणि माझी हकालपट्टी झाली असती. म्हणून तुला लिहिलं. निदान तुझी नोकरी तरी वाचेल म्हणून. तुझ्यासाठी केलं मी ते.

मी येऊ शकत नाही. आलो तर पाच वर्षं पाण्यात जातील. आणि तुला हात जोडून सांगतो, सुनावणीत ते ३ नोव्हेंबरचं पत्र काढू नकोस. मोजणी चालू असताना मी तिच्यात ढवळाढवळ केली, असं एकदा नोंदलं गेलं की प्रबंध रद्द होईल. बर्निससाठी दुसरं काहीही सांगशील ते करतो. पण माझं नाव घेऊ नकोस. तू माझं नाव घेतलंस तर या जगात मला कोणी उरणार नाही.

लोवेल

&nbsp;

डुलुथ, १५ मार्च २००४

लोवेल,

बर्निस परत कामावर आली. निकाल शुक्रवारी लागला. क्लाइडचा विमाही पुन्हा चालू झाला.

कसं झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक. इस्पितळाचा वकील दोन तास आकडे दाखवत होता आणि आमचा वकील रेडिओ कसा झोपतो ते समजावत होता. कोणालाही काही कळत नव्हतं. अध्यक्ष म्हणून हिबिंग गावचे एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की ते शेवटी तक्त्यावरच विश्वास ठेवणार. मग मी उभी राहिले. शपथ घेतली आणि सांगितलं की तक्त्यातली सर्वात कामसू नर्स ती मी, आणि महिनाभर मी पाटीच्या रिकाम्या कोपऱ्यात टकटक केली. पेशंटचा हात धरून टकटक केली. खाता खाता टकटक केली. बर्निसच्या शांततेत एक माणूस शांतपणे मेला, माझ्या आवाजात काहीच नव्हतं. तुमच्या तक्त्याला हे दिसत नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, का केलीत टकटक? तिथे थांबता आलं असतं. सवय लागली होती म्हणता आलं असतं, बर्निसला म्हटलं होतं तसं. मी तुझं पत्र पर्समधून काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

तू हात जोडले होतेस, तरी मी ऐकलं नाही. मी तुझा विश्वासघात केला असं तुला वाटेल. वाटू दे. तुझ्या प्रोफेसरांचा बुधवारी फोन आला होता, त्यांनाही मी तेच सांगितलं. मे महिन्यात तुझं काय होईल मला माहीत नाही. त्या फोननंतर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, हे तुला कळावं म्हणून लिहिते. रडले तरी माझं म्हणणं बदललं नाही.

बर्निसने आमचा मजला सोडला. मागून घेतली बदली, तिसऱ्या मजल्यावर. आज सकाळी लिफ्टपाशी भेटली. मी तिचा हात धरायला पुढे झाले. तिने पाटी दोन्ही हातांत धरली होती, पट्टी काढून टाकलेली. म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस हॉलव्हर्सन." वीस वर्षं मी तिच्यासाठी 'पोरी' होते.

एक गोष्ट राहिली. पत्र वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि विचारलं, "वॉर्डात अकरा नर्स होत्या. तुमच्या भावाने फक्त तुम्हालाच का सावध केलं?"

मी म्हटलं, "कारण त्याला मी वाढवलंय, साहेब."

मला म्हणायचं होतं की त्याची माझ्यावर माया आहे. पण बोलून झालं आणि माझं मलाच ते वाक्य दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं ऐकू आलं. आपल्या माणसाला सांभाळायचं आणि बाकीच्यांकडे बघायचं नाही, हे या मुलाला शिकवलं कोणी? बर्निसनेही ते तसंच ऐकलं असणार, कारण तिने मान खाली घातली. लिहून घेणाऱ्या मुलीने विचारलं, उत्तरात काही बदल करायचा आहे का?

मी नाही म्हटलं.

सिग्ने